निर्णय तुमच्याकडे, मग नेतृत्व त्यांच्याकडे कसं येणार?

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या बाई एका सॉफ्टवेअर कंपनीत डिलिव्हरी हेड आहेत. त्यांच्या हाताखाली नऊ प्रोजेक्ट मॅनेजर आहेत. प्लॅन, शेड्यूल, रिस्क रजिस्टर (संभाव्य जोखमींची यादी), आठवड्याचा स्टेटस रिपोर्ट या सगळ्यात माणसं चोख. पण जरा काही वाकडं झालं की प्रकरण थेट बाईंच्या टेबलावर. ‘मॅडम, क्लायंट स्कोप (ठरलेल्या कामाची व्याप्ती) वाढवतोय, काय सांगू?’, ‘मॅडम, टेस्टिंगवाले माणसं देत नाहीत, तुम्ही बोलता का?’ गेल्या वर्षी सगळ्यांना दोन दिवसांच्या नेतृत्व कार्यशाळेला पाठवलं. आठवडाभर उत्साह टिकला, मग ये रे माझ्या मागल्या. आता संचालकांनी फर्मावलंय की दोन तिमाहींत यांच्यातून ‘लीडर’ तयार करा आणि कोचिंग तुम्हीच करा. बाई दर पंधरवड्याला प्रत्येकाबरोबर पाऊण तास बसतात. उत्तरं द्यायची नाहीत, प्रश्न विचारायचे, हे त्यांनी वाचलंय. पण प्रश्न विचारला की समोरून ‘तुम्ही सांगाल तसं’ येतं आणि दहाव्या मिनिटाला बाईच बोलत असतात. ‘शेवटी वेळ नसतो म्हणून मीच एक फोन करून प्रकरण मिटवते,’ असं त्या लिहितात. नऊपैकी दोघांची त्यांना जास्त काळजी आहे. एकाला त्या ‘सगळ्यांत कार्यक्षम’ म्हणतात, त्याची तारीख कधी चुकत नाही, पण त्याच्या मीटिंगमध्ये टीम तोंड उघडत नाही आणि टीममधल्या दोघांनी बदली मागितली आहे. दुसरी टीमची लाडकी, पण क्लायंटसमोर मूग गिळून बसते. बाईंचे प्रश्न तीन: नेतृत्व शिकवता येतं की ते उपजतच असतं? मी चुकीच्या माणसांवर वेळ घालवतेय का? बाहेरचा कोच आणावा का?

नमस्कार,

एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात, पण माझी नजर तिथेच अडकली: ‘मीच एक फोन करून प्रकरण मिटवते.’ हा फोन तुमचे नऊही मॅनेजर पाहतात. कोचिंगच्या पाऊण तासात तुम्ही काय विचारता यापेक्षा त्यानंतरच्या पाच मिनिटांत काय करता, यावरून ते जास्त शिकतात. आणि शिकतात काय? टेस्टिंगच्या प्रमुखाशी स्वतः वाद घातला तर संबंध बिघडतात, निर्णय चुकला तर जाब द्यावा लागतो. मॅडमना विचारलं तर काम लवकर होतं, आणि चुकलं तरी ते आपल्या नावावर लागत नाही. हा हिशेब मला तरी पक्का वाटतो. त्यांच्या जागी कुणीही शहाण्या माणसाने हेच केलं असतं.

‘यांच्यात नेतृत्व कमी आहे’ हे तुम्ही धरूनच चालला आहात. असेलही कदाचित. पण कोणता निर्णय कोणाचा, हे त्यांना कधी कोणी सांगितलंय का, याचा पत्रात कुठेच उल्लेख नाही. म्हणून आधी एक संध्याकाळ काढा. गेल्या दोन महिन्यांत हे लोक तुमच्याकडे जे जे घेऊन आले ते मेल आणि चॅट चाळून एका यादीत उतरवा, आणि प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक खूण करा. पहिली खूण: निर्णय त्यांचाच होता, त्यांना ते माहीतही होतं, तरी आले. दुसरी: निर्णय कागदोपत्री त्यांचा होता, पण मागे एकदा त्यांनी तो घेतला तेव्हा तुम्ही किंवा संचालकांनी तो फिरवला होता. तिसरी: निर्णय त्यांचा नव्हताच.

कोचिंगचा उपयोग फक्त पहिल्या खुणेच्या नोंदींना होतो. दुसऱ्या प्रकाराचं औषध तुमच्या स्वतःच्या वागण्यात आहे, आणि तिसऱ्याचं कंपनीने अधिकार वाटून देण्यात. माझा अंदाज असा की दुसरी आणि तिसरी खूण मिळून यादीचा बराच भाग व्यापेल. अंदाज चुकला तर उत्तम, तुमचं काम सोपं झालं.

प्रोजेक्ट मॅनेजरची नोकरीच मुळात अवघड जागेवरची आहे, हेही ध्यानात घ्या. जबाबदारी सगळी त्याची, पण माणसं दुसऱ्याची. त्याच्या टीममधल्या डेव्हलपरचं अप्रेझल करणार वेगळाच विभागप्रमुख. फ्रेंच आणि रेव्हन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये एका माणसाचा दुसऱ्यावर प्रभाव कशातून पडतो याची पाच मुळं सांगितली होती: पद, बक्षीस देण्याची ताकद, शिक्षेची ताकद, ज्ञान, आणि त्या माणसाबद्दल वाटणारा आदर किंवा ओढ. तुमच्या मॅनेजरांना हे लावून बघा. पहिली तीन त्यांच्याकडे जवळपास नाहीतच. उरलं ज्ञान. तेही ते ज्या कामातून वर आले तेवढ्यापुरतं. चांगला डेव्हलपर होता म्हणून मॅनेजर झाला. कोडवर चर्चा चालू असेपर्यंत टीम त्याचं ऐकते, पण डेटा मायग्रेशन किंवा क्लायंटच्या कायदेशीर अटींचा विषय निघाला की तोही इतरांसारखाच अनभिज्ञ. मग हातात राहतो तो पाचवा, म्हणजे आदर, आणि तो कार्यशाळेत मिळत नाही. रोजच्या छोट्या व्यवहारांतून, शब्द पाळण्यातून तो हळूहळू साठतो. आणि तुम्ही एका फोनमध्ये प्रकरण मिटवता तेव्हा त्याच्या साठलेल्यातला थोडा खर्च होतो. टेस्टिंगच्या प्रमुखाला कळतं की या मुलाशी बोलण्यात अर्थ नाही, खरा निर्णय वरून येणार आहे.

आता ‘उपजत की शिकवलेलं’ हा प्रश्न. यावर फार वेळ घालवण्यासारखं नाही. जुळ्या भावांवरच्या २००६ च्या एका अमेरिकी अभ्यासात नेतृत्वाच्या पदांपर्यंत पोचण्यातल्या फरकांपैकी सुमारे ३० टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. म्हणजे मोठा भाग घडण्याचाच. शिवाय तुम्हाला देशाचं नेतृत्व करणारी माणसं नको आहेत. बिघडलेल्या वेळापत्रकाची बातमी न घाबरता सांगणारी, दुसऱ्या विभागाकडून माणसं मिळवणारी, टीमला बोलतं करणारी माणसं हवी आहेत. या सवयी आहेत, आणि सवयी लावता येतात.

कार्यशाळेबद्दलही थोडक्यात. तिचा राग धरू नका. तिच्याकडून अपेक्षाच चुकीची होती. प्रमाणपत्रांचंही तसंच. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटने २०२१ मध्ये पीएमपी या आपल्या प्रमाणपत्र परीक्षेत ‘माणसं’ या भागाला ४२ टक्के वजन दिलं, ‘प्रक्रिया’ला ५० आणि ‘व्यावसायिक परिस्थिती’ला ८. म्हणजे हे कौशल्य महत्त्वाचं आहे हे या व्यवसायाने मान्य केलेलं आहे. पण चारांतला बरोबर पर्याय ओळखणं निराळं आणि चिडलेल्या क्लायंटसमोर तोच पर्याय तोंडातून काढणं निराळं.

तर करायचं काय? कोचिंगच्या आधी एक कागद तयार करा. प्रत्येक मॅनेजरसाठी एक पान, आणि तेही त्याच्याबरोबर बसून. त्यात तीन कप्पे. पहिल्यात जे तो ठरवेल आणि कुणाला सांगायचीही गरज नाही: टीममधली कामाची वाटणी, मधल्या टप्प्यांच्या तारखा, मुख्य तारखेला धक्का न लावणारा पाच कामाच्या दिवसांपर्यंतचा बदल. दुसऱ्यात जे तोच ठरवेल, पण त्याच दिवशी तुम्हाला कळवेल: राखीव वेळेतला अमुक इतका भाग वापरणं, कराराच्या रकमेवर परिणाम न करणारा स्कोपमधला फेरफार, दुसऱ्या विभागाशी केलेली देवाणघेवाण. तिसऱ्यात जे तो ठरवणार नाही, पण ज्यावर स्वतःचा प्रस्ताव घेऊनच तुमच्याकडे येईल: करार, पैसा, एखाद्याला प्रोजेक्टवरून काढणं. आकडे तुमच्या कंपनीप्रमाणे घाला. नव्या मॅनेजरचं पान जुन्यापेक्षा आखूड असेल, आणि तसंच असायला हवं.

या कागदाची खरी किंमत पहिला चुकीचा निर्णय येईल तेव्हा कळेल. पहिल्या दोन कप्प्यांतला निर्णय तुम्ही फिरवायचा नाही, तुम्ही स्वतः वेगळं केलं असतं तरी. कुणाच्या सुरक्षिततेचा, कायद्याचा किंवा कुणाशी गैरवागणुकीचा प्रश्न असेल तेवढाच अपवाद. बाकी सगळं चुकू द्या, आणि नंतर त्यावर बोला. हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात तारीख दोन दिवसांवर असताना हात चोळत बसणं फार कठीण जातं. म्हणून ज्या प्रोजेक्टमध्ये चूक परवडेल तिथूनच सुरुवात करा.

आता तुमच्या पाऊण तासाकडे येऊ. प्रश्न विचारूनही गाडी पुढे सरकत नाही याची मला दोन कारणं दिसतात.

पहिलं, सगळ्यांना सरसकट प्रश्नच विचारायचे हा नियम चुकीचा आहे. हर्सी आणि ब्लँचर्ड या व्यवस्थापनतज्ज्ञांनी १९६९ पासून मांडलेली एक कल्पना इथे कामी येते: त्याच माणसाला एका कामात सांगावं लागतं आणि दुसऱ्या कामात मोकळं सोडावं लागतं. (त्यांच्या मॉडेलला संशोधनाचा आधार त्याच्या लोकप्रियतेइतका भक्कम नाही, पण ही नजर उपयोगी आहे.) ज्याने आयुष्यात एकदाही क्लायंटला ‘नाही’ म्हटलेलं नाही, त्याला ‘तुला काय वाटतं, कसं सांगावं?’ असं विचारलं तर तो तुमच्या तोंडाकडेच बघणार. त्याला आधी दाखवा. एका कॉलवर शेजारी बसवा, तुम्ही कसं बोलता ते ऐकू द्या, पुढच्या वेळी त्याला बोलू द्या. प्रश्नांची पाळी त्यानंतरची. तसंच, जी माहिती फक्त तुमच्याकडे आहे, समजा क्लायंटशी मागे झालेला वाद, ती सरळ सांगून टाका. ती लपवून ‘विचार कर, काय कारण असेल?’ असं विचारणं म्हणजे कोडी घालणं.

दुसरं कारण म्हणजे बरेचसे प्रश्न हे प्रश्नाच्या वेषातले हुकूम असतात. ‘तुला नाही वाटत की आधी त्यांना फोन करायला हवा होता?’ याला उत्तर एकच: ‘हो मॅडम.’ खऱ्या प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्यालाही ठाऊक नसतं. टेस्टिंगच्या माणसांचंच उदाहरण घेऊ. संवाद असा जाऊ शकतो:

‘मॅडम, टेस्टिंगवाले माणसं देत नाहीत.’

‘कुणाशी बोललास?’

‘मेल टाकलाय.’

‘मेलमध्ये काय मागितलंस?’

‘दोन जण, सोमवारपासून.’

‘सोमवारी त्यांच्याकडे काय चाललंय?’

इथे तो थांबेल. तुम्हाला कदाचित माहीत असेल की त्या आठवड्यात त्यांच्याकडे दुसऱ्या प्रोजेक्टचं रिलीज आहे, आणि ते सांगण्यासाठी तुमची जीभ वळवळेल. थांबा. ही गोष्ट त्याला विचारून कळण्यासारखी आहे, म्हणून ती सांगायची नाही. शांतता तुम्हाला मिनिटाएवढी वाटली तरी घड्याळात ती सात-आठ सेकंदांचीच असते. तो म्हणेल, ‘माहीत नाही. विचारतो.’

‘कधी?’

‘आज दुपारी. जाऊनच बोलतो.’

‘आणि ते खरंच अडकलेले असतील तर तुझ्याकडे देण्यासारखं काय आहे?’

‘आमची रिग्रेशनची फेरतपासणी चार दिवस उशिरा सुरू केली तरी चालेल. मग एक जण सोमवारी, दुसरा गुरुवारी, असं बघता येईल.’

एवढंच. यात काही दिव्य नाही. पण ‘ते देत नाहीत’पासून ‘त्यांची अडचण काय आणि माझ्याकडे काय आहे’पर्यंत तो स्वतःच्या पायांनी आला. दुसऱ्याच्या बाजूने एकदा पाहून येणं, हे प्रोजेक्ट मॅनेजरच्या नेतृत्वातलं सगळ्यात जास्त लागणारं कौशल्य आहे असं मी म्हणेन. भाषणकला, करिष्मा वगैरे त्यानंतर. कोचिंगवर लिहिणाऱ्या जॉन व्हिटमोर यांनी नव्वदच्या दशकात लोकप्रिय केलेला ‘ग्रो’ हा सांगाडा तुम्ही वाचला असेल: ध्येय, वास्तव, पर्याय, निर्धार. वरच्या संवादात तुम्हाला तो सापडेल, पण बघा, बहुतेक वेळ वास्तवावरच गेला. अनुभव असा की लोक वास्तवावरून घाईने उडी मारतात आणि पर्यायांवर भांडत बसतात.

‘तुम्ही सांगाल तसं’ याला उत्तर द्यायचं झालं तर: ‘सांगेन. पण तू आधी दोन पर्याय आण, आणि त्यातला तू कोणता घेशील तेही.’ आणि मग खरोखर त्याचाच पर्याय घेऊ द्या. बैठक संपताना एक गोष्ट तपासा. ऑनकेन आणि वास यांचा १९७४ मधला एक लेख व्यवस्थापनाच्या जगात अजून वाचला जातो. त्यात समस्येला माकड म्हटलंय: हाताखालचा माणूस ते खांद्यावर घेऊन येतो आणि साहेबाच्या खांद्यावर ठेवून मोकळा होऊन जातो. तुमच्या पाऊण तासाच्या शेवटी पुढचं काम कुणाच्या नावावर लिहिलं गेलंय ते बघा. दहापैकी आठ वेळा तुमच्या नावावर असेल तर ती बैठक कोचिंगची नव्हती, कामाच्या हस्तांतरणाची होती.

आता तुमच्या त्या तारीख न चुकवणाऱ्या मॅनेजरबद्दल. हे प्रकरण मला या पत्रातलं सगळ्यात गंभीर वाटतं, आणि तुम्ही त्याला ‘सगळ्यांत कार्यक्षम’ म्हणता तिथेच माझा पहिला प्रश्न आहे. कार्यक्षम कुणाच्या हिशेबाने? दोन माणसं निघून गेली तर त्यांच्या जागी नवी माणसं तयार व्हायला लागणारा वेळ त्याच्या प्लॅनमध्ये कुठे आहे? संशोधक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला तेव्हा त्यांना चकवणारी गोष्ट दिसली: चांगल्या चाललेल्या टीममध्ये औषधांच्या चुकांची नोंद जास्त होती. त्या जास्त चुका करत होत्या असं त्याचं स्पष्टीकरण नव्हतं. तिथे चुकांबद्दल मोकळेपणाने बोललं जात होतं. पुढे १९९९ च्या त्यांच्या शोधनिबंधातून टीममधल्या ‘मानसिक सुरक्षिततेची’ कल्पना रुजली. त्या नजरेने पाहिलं तर या गृहस्थाच्या स्टेटस रिपोर्टमध्ये महिनोन्‌महिने सगळं हिरवं, म्हणजे सुरळीत, असणं ही आनंदाची बातमी नाही.

पण टीमची शांतता भीतीचीच आहे हेही गृहीत धरू नका. आधी बघा. त्याला सांगून, एक-दोन मीटिंगना मागे बसा आणि फक्त टिपा: कोण किती बोललं, कुणाला मध्येच तोडलं, वाईट बातमी आल्यावर पहिला शब्द कुणाचा आणि काय. तुम्ही बसल्यामुळे मीटिंग थोडी बदलेल, तरी जुनी सवय फार वेळ लपत नाही. नंतर त्याच्याशी बोला, पण ‘टीमशी जरा नीट वाग’ असं नको. त्याऐवजी प्रसंग, त्यात त्याने काय केलं आणि त्याचा काय परिणाम झाला, एवढंच सांगा: ‘मंगळवारी तिने सांगितलं की इंटिग्रेशन दोन दिवस मागे आहे. तू विचारलंस, हे मला आत्ता सांगतेस? त्यानंतर मीटिंग संपेपर्यंत तिघांपैकी एकही जण स्वतःहून बोलला नाही.’ यात त्याच्या स्वभावाबद्दल एक अक्षर नाही. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरचे शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायाने कामगिरी उलट घसरली होती. बोलणं कामावरून माणसाच्या ‘मी’वर सरकलं की तो बचावात जातो.

या माणसाच्या बाबतीत तुमच्याकडे एक चांगला धागा आहे: त्याला जोखीम कळते. त्याच्याच भाषेत बोला. जी अडचण टीममधल्या तिघांना माहीत आहे आणि त्याला नाही, ती रिस्क रजिस्टरमध्ये येऊच शकत नाही. म्हणजे त्याचं रजिस्टर अपुरं आहे. हे त्याला चटकन पटेल, ‘सहृदय व्हा’ यापेक्षा नक्कीच. मग एक छोटा प्रयोग द्या. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी सुचवलेला: नव्या टप्प्याच्या सुरुवातीला टीमला सांगायचं की समजा सहा महिने उलटलेत आणि हा प्रोजेक्ट सपशेल फसलाय, का फसला, प्रत्येकाने दोन मिनिटं कागदावर लिहा. आधी सगळे वाचून दाखवतील, तो शेवटी. वाईट बोलण्याची जणू परवानगीच मिळते, त्यामुळे गप्प माणसंही लिहितात. आणि रोजच्या मीटिंगसाठी एकच नियम: वाईट बातमी आणणाऱ्याला पहिलं वाक्य ‘बरं झालं आज सांगितलंस’. सुरुवातीला ते तोंडपाठ केल्यासारखं वाटेल. वाटू दे.

बदली मागणाऱ्या दोघांशीही बोला, पण त्यांचं बोलणं त्याच्यापर्यंत नेऊ नका. टीम लहान आहे, कुणी काय सांगितलं हे त्याला लगेच ओळखू येईल. आणि राग मानू नका, पण एक विचारायला हवं: ‘हे मला आत्ता सांगतेस?’ हे वाक्य तो कुठे शिकला? महिन्याच्या आढाव्यात त्याला संचालकांकडून किंवा तुमच्याकडून पहिला प्रश्न काय येतो?

टीमची लाडकी असलेल्या मॅनेजरचं तुलनेने सोपं आहे. तिला माणसं जोडता येतात, फक्त मोठ्या खोलीत आवाज फुटत नाही. पुढच्या क्लायंट कॉलमधला एकच विषय तिचा ठेवा. पहिली दोन वाक्यं तुमच्यासमोर मोठ्याने म्हणून घ्या, बाकीचं तिच्यावर सोडा. स्कोप वाढवण्याची मागणी आली तर तिला ‘नाही’ म्हणावंच लागत नाही, ‘हे करू. त्यासाठी या यादीतलं काय मागे ठेवायचं?’ एवढं म्हटलं की चेंडू क्लायंटकडे जातो. आणि आधीच ठरवा की ती अडखळली तरी तुम्ही मध्ये पडणार नाही. हा भाग तुमच्या शिक्षणाचा.

वेळेचाही हिशेब करू. नऊ जण, प्रत्येकी पाऊण तास: पंधरवड्याला पावणेसात तास. हे दोन तिमाही टिकणार नाही. तीन माणसं निवडा. ती सर्वांत कमकुवत असायला हवीत असं नाही, सर्वांत हुशारही नकोत. ज्यांना स्वतःला बदल हवाय अशी. तो तारीख न चुकवणारा तिघांत हवाच असं मला वाटतं, पण त्याला बदल हवाय का हे विचारल्याशिवाय नको. उरलेल्यांचे तिघा-तिघांचे गट करा. प्रत्येक वेळी एकाने आपली चालू अडचण मांडायची, बाकी दोघांनी पहिली वीस मिनिटं फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही. तुम्ही तिथे नसाल. नऊ वेगवेगळ्या प्रोजेक्टचं शहाणपण आज तुमच्या एकटीच्या डोक्यात साठतंय, ते यातून आपापसात फिरू लागेल. हे फुकट आहे आणि बहुतेक कंपन्या हे करत नाहीत, याचं मला नेहमी नवल वाटतं.

कुणी असंही सांगेल की मला हे नकोच, मला प्लॅनिंगच आवडतं. त्याचं ऐका. चांगला प्लॅनर ही कमी प्रतीची गोष्ट नाही, आणि त्याला ओढून नेता बनवण्यात दोघांचंही नुकसान आहे. तसं वेगळं पद तुमच्याकडे नसेल तर ते तयार करता येईल का, हे संचालकांशी बोलण्याच्या यादीत घाला. ‘चुकीची माणसं’ हा शब्द मात्र अजून वापरू नका. निर्णय हातात येऊन दोन-तीन महिने झाल्यावर कोण कसं वागतं ते बघा, मग ठरवा.

बाहेरच्या कोचचं म्हणाल तर, तुम्ही एकाच वेळी साहेब आणि कोच आहात. हा पेच पूर्ण सुटत नाही, पण तो उघड बोलता येतो. पहिल्याच बैठकीत सांगा: या पाऊण तासातलं मी अप्रेझलमध्ये वापरणार नाही, पण कुणाला त्रास दिला जातोय किंवा करार मोडला जातोय असं कळलं तर मला गप्प राहता येणार नाही. आणि शब्द पाळा. एकदा जरी अप्रेझलच्या वेळी ‘तूच म्हणाला होतास ना’ असं निघून गेलं, तर पुढे सगळे तुम्हाला छान छान गोष्टीच सांगतील. बाहेरचा कोच लागतो तो जिथे अडचण तुम्ही स्वतः आहात तिथे, किंवा जिथे माणूस नोकरी सोडण्याच्या विचारात आहे आणि हे तुमच्याशी बोलू शकत नाही. सगळ्या नऊ जणांसाठी आणण्यापेक्षा एकासाठी आणा. आणि खरं सांगायचं तर तो एक मॅनेजर असायलाच हवा असं नाही. तुम्हालाही निर्णय सोडायला शिकायचंय, आणि तुमच्या पाठीशी ते शिकवणारं कुणी दिसत नाही.

शेवटी संचालक आणि त्यांच्या दोन तिमाही. त्यांना कार्यशाळेसारखे हसरे अभिप्राय-फॉर्म दाखवू नका. ती तीन खुणांची यादी दर महिन्याला परत करा आणि दाखवा: तुमच्याकडे आलेल्यांपैकी किती जण पर्याय घेऊन आले, वाईट बातमी तारखेच्या किती दिवस आधी कळली, बदलीचे किती अर्ज आले. आणि आधीच सांगून ठेवा की पहिले दोन महिने चित्र बिघडल्यासारखं दिसेल. काही निर्णय चुकतील, हिरव्याचे पिवळे-लाल होतील, कारण जे लपत होतं ते आता दिसू लागेल. हे आधी सांगितलं तर ती प्रगती ठरते, नंतर सांगितलं तर सबब.

त्यांच्याकडून एकच गोष्ट मागा. क्लायंटने त्यांना थेट फोन केला तर त्यांनी तो त्या त्या मॅनेजरकडे परत पाठवायचा, स्वतः शब्द द्यायचा नाही. याला त्यांची तयारी नसेल तर सरळ सांगा की मग मी या लोकांना वाटाघाटी आणि मीटिंग चालवणं शिकवते, त्याचा उपयोग होईलच, पण ‘लीडर’ तयार करण्याचं आश्वासन मी देऊ शकत नाही. त्या बैठकीला जाताना नऊही पानं बरोबर न्या. खाली तुमच्या सहीशेजारी त्यांच्याही सहीला जागा ठेवा.